दाराबाहेरचं बेसिन

"बाळाच्या नाकाची काळजी सगळेच करतात. तुम्ही घरातल्या मोठ्या नाकांकडे लक्ष ठेवा," असं मुलांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा ढब्बूची आई ढब्बूच्या पायात मोजा चढवत होती. हे काम ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांना वाटेल, त्यात काय एवढं! पण ढब्बूचा पाय म्हणजे नुकताच पाण्याबाहेर काढलेला मासा. दुसरा मोजा चढेपर्यंत पहिला टेबलाखाली गेलेला असतो. अशा धामधुमीत डॉक्टरांचं बोलणं कानात शिरायचं म्हटलं तरी किती शिरणार?

"घरात कुणाला खोकला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे! कुणालाच नाही."

"कुणालाच नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही. मोठ्यांना साधा वाटणारा खोकला एवढ्याशा बाळाला साधा नसतो. आणि आजी-आजोबांच्या लशीचंही बघा. मोठ्या माणसांचीही असते."

"हो हो, बघू की," ढब्बूची आई टेबलाखालून म्हणाली. मोजा सापडला होता. मनात म्हणाली, सगळ्यांनाच सांगत असतील. आपलं घर कसं आहे हे यांना कुठं ठाऊक?

आता तिचं घर कसं होतं ते सांगायला हवं. तिथं माणसं मोजकीच. ती, नवरा, सासूबाई, सासरे आणि या चौघांना दिवसभर कामाला लावणारा ढब्बू. ती स्वतः बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात होती. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती, पण माणूस रजेवर गेला म्हणून खातं रजेवर जात नाही. कारखान्याच्या गेटवर आलेला पिठाचा ट्रक तिच्या सहीशिवाय आत सुटत नसे. एका पोत्यात एक किडा दिसला की अख्खा ट्रक आल्या पावली परत. ड्रायव्हर हात जोडायचे, दलाल आवाज चढवायचे, पण बाईसाहेब ढिम्म. एकदा मात्र माल गेटमधून आत गेला की तो आपला. मग त्याच्याकडे पुन्हा वळून बघायची पद्धत नव्हती.

सासरे ग्रंथपाल होते. आयुष्यभर "शूऽऽ" म्हणण्याचा पगार घेतलेला माणूस. त्यामुळे स्वतः इतके हळू बोलत की समोरच्याने खाली वाकावं. सून बाळाला घेऊन बसलेली असायची, म्हणून खोलीत शिरण्यापूर्वी ते दाराबाहेर उभे राहून हलकेच खाकरत. एकदाच. मग क्षणभर थांबत आणि "येऊ का गं?" असं विचारून आत येत. ढब्बूच्या आईला या गोष्टीचं फार अप्रूप. मैत्रिणींना सांगायची, "तुमच्याकडे सरळ दार ढकलून येतात ना? आमचे बाबा बघा!"

आणि ढब्बू? ढब्बू झोपायचा तो फक्त आजोबांच्या खांद्यावर. आईने थोपटून थोपटून हात मोडून घ्यावा, वडिलांनी गाणी म्हणून घसा बसवून घ्यावा, आजीने पाळणा झुलवून झुलवून त्याच्या कड्या कुरकुरायला लावाव्यात. शेवटी आजोबांनी खांद्यावर घेऊन खोलीत दोन फेऱ्या मारल्या की स्वारी घोरायला लागायची. ग्रंथपालाच्या खांद्यावर कुणालाही झोप येते, असं ढब्बूचे वडील म्हणत.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना समोरच्या काकू शिंकल्या.

काकू म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या. माणूस लाखात एक, पण शिंकही लाखात एक. त्या ढब्बूला बघायला आल्या, "आलं गं माझं सोनं!" म्हणून त्यांनी त्याला उचललं, त्याच्या डोक्यावर शिंकल्या आणि त्याच दमात म्हणाल्या, "सर्दी नाही हो मला. ही आपली धुळीची शिंक." मग त्यांनी त्याच्या गालाचा, कपाळाचा आणि दोन्ही मुठींचा मुका घेतला. ढब्बूने ती मूठ लगेच तोंडात कोंबली. हे सगळं इतक्या झटपट झालं की क्वालिटी खात्याला हात वर करायलाही सवड मिळाली नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांत ढब्बूचं नाक चोंदलं. मोठ्या माणसाचं नाक चोंदलं तर तो तोंडाने श्वास घेतो, चहा मागतो आणि कामावर दांडी मारतो. एवढ्याशा जिवाला यातलं काहीच जमत नाही. तो दोन घोट दूध प्यायचा, श्वास घ्यायला तोंड बाजूला घ्यायचा, मग भूक आठवून रडायचा आणि रडून नाक आणखी चोंदवायचा. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालून घालून घर मेटाकुटीला आलं. ढब्बू बरा झाला, हसायला लागला, पण त्याच्या आईच्या डोळ्यांपुढून काही ती मूठ हलेना.

"गेट पाहिजे," ती एके दिवशी सकाळी नवऱ्याला म्हणाली.

"कसलं गेट?"

"जंतू स्वतःच्या पायांनी येत नाहीत. पाहुण्यांच्या हातांवर बसून येतात. आमच्या कारखान्यात हात धुतल्याशिवाय कुणी आत येतं का? दाराबाहेर बेसिन बसवायचं."

"अगं, घरात तीन नळ आहेत."

"ते घरात आहेत. म्हणजे जंतूंनी आधी आत यायचं, चपला काढायच्या, विचारपूस करायची आणि मग हात धुवायला जायचं?"

नवऱ्याला यावर वाद घालता आला असता, पण त्याच क्षणी त्याला शिंक येत होती आणि ती लपवण्यात त्याचं सगळं चित्त गुंतलं होतं. हल्ली त्याने शिंकेसाठी कपाटाची सोय केली होती. शिंक आली की "टाय कुठं गेला बरं?" असं म्हणत तो कपाट उघडायचा आणि कोटात तोंड खुपसून शिंकायचा. टाय तो कधीच वापरत नसे.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. बेसिन कुठं बसवायचं ते त्याने पाहिलं, भिंतीवर बोट वाजवलं आणि डॉक्टरने वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "ताई, बसवायला बसेल. पण पाणी सोडणार कुठं?"

"पाइपमधून."

"पाइप कुठून?"

"ते तुम्ही सांगायचं ना!"

"सांगतो की. एक तर तुमच्या न्हाणीतून भिंत फोडून. नाहीतर समोरच्यांच्या न्हाणीतून भिंत फोडून. नाहीतर जिन्यातून खाली, खालच्यांच्या दारावरून. आणि सेक्रेटरीसाहेबांना विचारलंय का? पॅसेज सगळ्यांचा असतो."

सेक्रेटरीसाहेब म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. राहायला बरोबर ढब्बूच्या घराखाली. ते बोलायचे ते सहीशिक्का मारल्यासारखं. "वैयक्तिक कारणास्तव सामाईक जागेत कायमस्वरूपी बेसिन. अभूतपूर्व प्रकरण आहे," त्यांनी अर्ज हातात धरून घोषित केलं. "सभा बोलवावी लागेल."

सभा त्यांच्याच दिवाणखान्यात भरली. थंडी होती म्हणून खिडक्या घट्ट बंद. अख्ख्या इमारतीतली मोठी माणसं एकमेकांना खेटून बसलेली आणि त्यातली निम्मी सुरसुर करणारी. श्वासातून पसरणाऱ्या रोगांना आळा घालण्यासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. ढब्बूची आई मास्क लावून दाराच्या फटीशी बसली आणि कुणी खोकलं की बाहेर तोंड काढून श्वास घ्यायला लागली. त्यामुळे तिचं अर्धं निवेदन पॅसेजला ऐकू गेलं आणि अर्धं सभेला.

"बाळांना असं जपून चालत नाही," काकू म्हणाल्या. "आमच्या वेळी कुठं होती बेसिनं? जगलोच की आम्ही."

"जगले ते सांगायला उरले, काकू," ढब्बूची आई पॅसेजमधून म्हणाली.

"काय म्हणाली ती?"

"तुमचं खरं आहे म्हणाली," नवऱ्याने घाईघाईने सांगितलं.

वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या मास्तरांनी मात्र बेसिनला मनापासून पाठिंबा दिला. का, ते तेव्हा कुणाला कळलं नाही. शेवटी ठराव झाला. बेसिन बसवायला हरकत नाही, पण जागा सामाईक असल्यामुळे बेसिनही सामाईक राहील आणि त्याचा लाभ सर्व रहिवाशांना घेता येईल. ढब्बूच्या आईने आनंदाने मान डोलावली. सामाईक तर सामाईक. हात धुणाऱ्यांची संख्या वाढली तर बिघडलं कुठं?

प्लंबरने न्हाणीची भिंत फोडली, मग चुकीची भिंत फोडली म्हणून दुसरी फोडली आणि पहिल्या भोकात काहीतरी ठेवता येईल, असा सल्ला दिला. बेसिन लागलं. वर आरसा लागला. साबण आला, कागदी रुमाल आले, पायाने उघडणारी कचरापेटी आली. पण पाहुणे थंडगार पाण्यात नुसतं बोटाचं टोक बुडवून "झालं" म्हणायला लागले. तेव्हा तिने आणखी एक पाऊल टाकलं. बेसिनला छोटा गीझर जोडला. थंडीच्या दिवसांत, पॅसेजमध्ये, सर्वांसाठी, गरम पाणी.

इथं कारखान्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने हात जोडून थांबवलं असतं. पण तिने विचारलं नाही.

पहिल्या सकाळी दाराबाहेरून असा आवाज आला की ढब्बूच्या आईला वाटलं, कुणी तरी बुडतंय. तिने दार उघडलं. गाण्याचे मास्तर मान मागे टाकून, डोळे मिटून, मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करत होते. त्यांनी एक डोळा उघडला, हाताने "फार छान" अशी खूण केली आणि वरच्या पट्टीत गेले.

दुसऱ्या सकाळी मास्तरांचे शिष्य आले. तिसऱ्या सकाळी काकू आल्या, घसा खवखवतोय म्हणून. मग सेक्रेटरीसाहेब आले, सोयीची तपासणी करायला, पण येताना पेला घेऊन आले. इमारतीत ज्याच्या ज्याच्या घशाला खरखर होती, नाकाला पाणी होतं, छातीत कफ होता, तो तो आपापला पेला घेऊन ढब्बूच्या दारात हजर व्हायला लागला. रांग लागली. रांगेत गप्पा आल्या, गप्पांत हसणं आलं, हसण्यात खोकणं आलं. जंतूंना अडवायला जे गेट बांधलं होतं, तिथं त्यांची सकाळची बैठकच भरू लागली.

वर प्रत्येकाचा सल्ला. एक म्हणे, बाळाला मधाचं बोट चाटवा. ढब्बूची आई डोळे वटारून म्हणे, वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. दुसरा म्हणे, बाळाला इथं आमच्यात आणून बसवा, वाफेने नाक मोकळं होईल. इमारतीत तिचं नाव "गेटवाल्या बाई" पडलं होतं. तिच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण पोस्टमनने एकदा तिला त्याच नावाने हाक मारली, यावरून नाव कुठवर गेलं होतं ते कळावं.

या सगळ्या धुमश्चक्रीत सुखावणारी गोष्ट एकच होती. ती म्हणजे बाबा, तिचे सासरे. बाबांची सभ्यता दिवसेंदिवस वाढत चालली होती. पूर्वी आत येताना एकदा खाकरायचे. आता दोनदा, तीनदा खाकरत. कधी कधी तर दाराबाहेर बराच वेळ खाकरत उभे राहत आणि मगच "येऊ का गं?" म्हणत.

"बघ, बघ जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझ्या वडिलांकडून शिक काही. किती विचार करतात माझा!"

"बाबा पहिल्यापासूनच तसे," कपाटातून आवाज आला.

सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ग्रंथालयात मोठ्याने पान उलटणाऱ्याकडे बघतात. सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्याच सुमारास ढब्बूच्या आईच्या कानाने एक नवीन शत्रू टिपला. पुढच्या न्हाणीच्या खिडकीतून, पाइपांच्या अरुंद बोळातून, कुणाचा तरी खोकला ऐकू यायचा. साधा नाही. एकदा सुरू झाला की एकामागून एक ठसके, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. ती कान लावून बसली आणि निष्कर्ष काढला की आवाज खालून येतो. म्हणजे सेक्रेटरीसाहेब. गुळण्यांना येणारा माणूस. तपासणीच्या नावाखाली!

मग एके सकाळी तिचा संयम सुटला. ढब्बूला जरा शिंका येत होत्या, दूधही त्याने नीट घेतलं नव्हतं, आणि दाराबाहेर पेलेवाल्यांची रांग जिन्याच्या वळणापर्यंत गेली होती. ती दार उघडून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक मिनिट. सगळ्यांनी गुळण्या थांबवा."

सगळ्यांनी थांबवल्या. मास्तरांच्या तोंडात पाणी होतं. ते तसेच गाल फुगवून उभे राहिले.

"हे बेसिन हात धुवायला आहे. आत माझं तान्हं बाळ आहे. आणि तुमच्यापैकी एकाला फार वाईट खोकला आहे. मी नाव घेत नाही. पण मला न्हाणीतून रोज ऐकू येतं. खालून."

सगळ्यांनी सेक्रेटरीसाहेबांकडे पाहिलं. सेक्रेटरीसाहेब ताठ झाले.

"हा आरोप मी फेटाळतो. मला फक्त सर्दी आहे, आणि ती नोंदवलेली आहे. तो खोकला आम्हालाही ऐकू येतो. पण वरून."

"वरून म्हणजे मास्तर!" काकू म्हणाल्या.

मास्तरांनी घाईघाईने पाणी थुंकलं. "अहो, भलतंच काय! मला तो खालून येतो. कानाच्या बाबतीत मला शिकवू नका. सुरुवातीला ठसके जलद, मग आणखी जलद आणि शेवटी एक लांब सूर, श्वास आत ओढल्यासारखा. मी रियाजाला त्याच्यावर ठेका धरतो."

"खालच्यांना वरून," काकू बोटांवर मोजत म्हणाल्या, "वरच्यांना खालून. माझ्या न्हाणीची खिडकी पलीकडे, मला येतच नाही. म्हणजे मग…"

काकू थांबल्या. सेक्रेटरीसाहेबांनी छताकडे पाहिलं. मास्तरांनी जमिनीकडे पाहिलं. मग हळूहळू सगळ्यांची नजर मधल्या मजल्यावर येऊन, गेटवाल्या बाईंच्या खांद्यावरून, त्यांच्या उघड्या दारावर स्थिर झाली. पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या सगळ्या माणसांत एकच माणूस असा होता ज्याला अजून काही कळलं नव्हतं, आणि तो क्वालिटी खात्यात होता.

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

तेवढ्यात दारात बाबा येऊन उभे राहिले. खांद्यावर ढब्बू. "कसली गर्दी गं?" असं त्यांना विचारायचं असावं. पण आधी ते सवयीने खाकरले. एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग त्यांच्या हातात काही राहिलं नाही. ढब्बूवरून मान वळवून, तोंडावर कोपर धरून ते खोकत सुटले. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर वारा लागावा तसा एक लांब आवाज करत त्यांनी श्वास आत ओढला.

"हाच!" मास्तर हर्षाने म्हणाले, आणि काकूंचा चेहरा बघून लगेच गप्प झाले.

ढब्बूच्या आईने ढब्बूला घेतलं. घेतलं म्हणण्यापेक्षा ओढून घेतलं. तिच्या कानात आता आठवडेच्या आठवडे खाकरत होते. दोनदा खाकरणारी सभ्यता, तीनदा खाकरणारी सभ्यता. बाहेरचा प्रत्येक ट्रक तिने अडवला होता, आणि गोदामात काय आहे ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

"बाबा, कधीपासून?"

"काही नाही गं. धूळ. जुन्या पुस्तकांची."

"निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून धूळ बसायची आहे?"

"मी म्हणत होते यांना, सांगा म्हणून," आतून सासूबाई म्हणाल्या. "मागच्या न्हाणीत कोंडून घेऊन खोकतात. नळ सोडतात आणि खोकतात."

"पण का, बाबा? मला का नाही सांगितलंत?"

बाबा नेहमीपेक्षाही हळू बोलले. पॅसेजमध्ये सगळ्यांना खाली वाकावं लागलं. "सांगितलं असतं, तर तू याला माझ्याकडे दिलं असतंस?"

गीझरचा दिवा आपोआप बंद झाल्याचा टक्क आवाज तेवढा आला.

मग मात्र जे काही झालं ते फार वेगाने झालं. सेक्रेटरीसाहेबांनी ठराव न करता गाडी काढली. काकूंनी ढब्बूची पिशवी भरली आणि "मी शिंकणार नाही, शपथ!" म्हणत तोंडाला पदर लावून पुढच्या सीटवर बसल्या. गाडीच्या चारही काचा उघड्या, बाहेर बोचरी थंडी, आणि मागच्या सीटवर एका टोकाला मास्क लावलेले बाबा, मध्ये नवरा, दुसऱ्या टोकाला ढब्बूची आई ढब्बूच्या पोटाकडे टक लावून. वर, खाली. वर, खाली. मध्येच ते जरा थांबल्यासारखं वाटलं आणि तिने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. ढब्बू जांभई देत होता.

डॉक्टरबाईंनी बाबांना खोकायला लावलं, आणि अर्ध्यातच हात वर करून थांबवलं. "डांग्या खोकला वाटतोय. तपासून घेऊ, पण औषध आजच सुरू करायचं."

"तो तर लहान मुलांचा रोग ना?" ढब्बूच्या वडिलांनी विचारलं.

"मोठ्यांनाही होतो. लहानपणीच्या लशीचा जोर ओसरलेला असतो. फरक इतकाच की मोठी माणसं त्याला नुसता खोकला म्हणतात आणि हिंडतात-फिरतात. एवढ्याशा बाळाला झाला तर ते कधी कधी खोकतसुद्धा नाही. नुसता श्वास घ्यायचा विसरतं."

हे ऐकून ढब्बूच्या आईने, जिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर म्हणणं तयार असायचं, ढब्बूच्या पोटावर तळहात ठेवला आणि तो वर-खाली होतोय ना ते बघत राहिली.

ढब्बूला तपासण्यासाठी ठेवून घेतलं. दिवसभर तो दवाखान्याच्या पाळण्यात आणि ती पाळण्याच्या दांडीला धरून. ओठांचा रंग बदलतोय का, दूध घेतोय का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, हे कसं बघायचं ते नर्सने तिला दाखवलं. ढब्बूने मात्र दवाखाना अगदी आपला मानला. त्याने डॉक्टरबाईंची छातीवरची नळी तोंडात घातली, नर्सचा चष्मा ओढला, पोटभर दूध प्यायला आणि ज्या डॉक्टरांनी त्याला तपासायला उचललं त्यांच्या शर्टावर त्यातलं थोडं परत केलं. छाती साफ होती. पहिली लस वेळेवर झाली होती, आणि बाबा खोकताना मान वळवत आले होते. यातल्या नेमक्या कशामुळे तो वाचला ते डॉक्टरबाईंनाही सांगता येईना. नशीब म्हणा, असं त्या म्हणाल्या, आणि घरातल्या सगळ्यांना औषध लिहून दिलं.

सेक्रेटरीसाहेबांना तेव्हापासून चेव आला. त्यांनी तातडीची सभा घेतली, या वेळी गच्चीवर, उघड्यावर. ठराव एकमताने मंजूर झाला: गीझर काढावा, गुळण्या आपापल्या घरी कराव्यात, ज्याला खोकला असेल त्याने बाळाच्या दारावर न येता फोन करावा आणि मोठ्या माणसांनी डॉक्टरांना विचारून लस टोचून घ्यावी. काकू सुई बघून इतक्या ओरडल्या की रांगेतलं एक शाळकरी पोर त्यांची समजूत काढायला आलं. कपाटवाल्या गृहस्थांनीही शिंकेची कबुली देऊन टाकली आणि आपला कोट धुवायला दिला.

बाबा मागच्या खोलीत वेगळे राहिले. औषधाचे दिवस संपले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता यांच्यापासून लागण होणार नाही, खोकला मात्र अजून कितीतरी आठवडे रेंगाळेल, त्याला घाबरू नका. बाळाला खुशाल घेऊ द्या.

पण बाबा बाहेर येईनात. जेवणाचं ताट आत घेत आणि रिकामं ताट दारात ठेवत. खुर्ची त्यांनी खिडकीला अशी लावली होती की पाठ दाराकडे. ढब्बू पलीकडे रडायला लागला की खुर्ची कुरकुरायची, पण उठायची नाही.

ढब्बूची आई एक दिवस सरळ आत गेली. खाकरली नाही, विचारलं नाही.

"बाबा, याला धरा. माझे हात दुखून आलेत."

"नको गं. अजून येतो मधूनमधून."

"येऊ दे. डॉक्टर म्हणाल्या चालतं."

"त्या म्हणतील. त्यांच्या नातवाचं थोडंच आहे?"

"आता सांगितलंत ना मला सगळं? मग आता मी देतेय. घ्या."

बाबांनी खिडकीकडेच बघत हात पसरले. ढब्बू त्यांच्या खांद्यावर गेला, थोडा वेळ त्यांचा कान ओढला, आणि खोलीतली दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत झोपला. बाबांना ठसका आला. तो त्यांनी गिळला नाही. मान वळवून खोकले, आणि सुनेकडे बघून लाजल्यासारखे हसले.

ढब्बूच्या आईने आता कारखान्यात परत जायला सुरुवात केली आहे, आणि भेटेल त्याच्याजवळ ती एकच गोष्ट मागते. तुमच्याजवळही मागते. तुमच्या घरात कुणी बाळ असेल, तर त्याच घरात एखादं वडीलधारं माणूसही असेल, जे काहीतरी लपवून बाळाला खेळवत असेल, कारण सांगितलं तर बाळ काढून घेतील अशी त्याला धास्ती आहे. हे वाचन जरा बाजूला ठेवा. उठून त्यांच्या खोलीत जा. "बरं आहे ना?" असं विचारू नका, त्याला सगळे "हो" म्हणतात. शेजारी बसा, "बाळ तुमच्याकडेच परत येईल" असं आधी सांगा, आणि मग विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर बसून राहा.